ट्रकवाल्यांनी दिवसा जेवावं

सकाळी शाहूपुरीच्या कोपऱ्यावर मी स्वतःलाच हात जोडून उभं असलेलं बघितलं आणि गाडी बंद पडली. म्हणजे मीच पाडली, क्लचवरचा पाय सुटला. विजेचा खांब आणि लिंबाचं झाड यांच्यामध्ये ताणून बांधलेला, दोन पुरुष उंचीचा फ्लेक्स. डोक्याला फेटा, अंगात कोट, आणि त्या दोन्हींच्या मध्ये माझं तोंड. कोट माझा नव्हता, फेटाही नव्हता. तोंड तेवढं माझं होतं, चुलतभावाच्या लग्नातल्या फोटोतून कापलेलं. त्या दिवशी ऊन तोंडावर येत होतं म्हणून डोळे बारीक केलेले, आणि ते कुणा रुंद खांद्याच्या माणसाच्या धडावर असं बसवलेलं की मान जरा डावीकडं सरकली होती. खाली लिहिलेलं : 'मगदूम ट्रक टर्मिनलच्या व्यवस्थापकीय संचालकपदी आमचे मार्गदर्शक मा. श्री. सम्मेददादा मगदूम यांची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्याच्याखाली शुभेच्छुक म्हणून माझ्या धाकट्या भावाचं, केतनचं, अख्खं मित्रमंडळ, झाडून सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. मागं हॉर्न सुरू झाले. एक मोटरसायकलवाला शेजारी थांबला, त्यानं वर बघितलं, काचेतून माझ्याकडं बघितलं, परत वर बघितलं. "आयला, पावणं, तुम्हीच की ह्ये! अभिनंदन! पन आता गाडी काढा की वाटंतनं."

निवड म्हणे! टर्मिनल होतं कुठं? हायवेला लागून, वडगाव फाट्याच्या अलीकडं, माझ्या वडिलांची, आप्पांची, जमीन होती आणि तिच्यात ऊस उभा होता. त्या उसाच्या जागी ट्रक उभे करायचे ही केतनची टूम. ड्रायव्हरांना झोपायला खाटा, आंघोळीला गरम पाणी, पंक्चर, वजनकाटा, डिझेल, आणि मध्यभागी जेवणाचा मोठा हॉल. हे सगळं चालेल की बुडेल ते सांगायचं काम माझ्याकडं होतं, कारण मी धंद्यानं प्रोजेक्ट रिपोर्टवाला. लोक येतात, म्हणतात गोठा काढायचाय, मंगल कार्यालय काढायचंय, काजूचं युनिट टाकायचंय. मी त्यांना बँकेपुढं ठेवायचं बाड तयार करून देतो आणि शेवटच्या पानावर लिहितो की प्रकल्प व्यवहार्य आहे. आजवर एकालाही 'व्यवहार्य नाही' असं लिहून दिलेलं नाही. ते लिहून घ्यायला कोण कशाला येईल? या खेपेला मात्र मी ते लिहिणार होतो, आणि आज संध्याकाळी गावाकडं जाऊन आप्पांना तोंडानं सांगणार होतो. रात्रीपर्यंत पुण्याला राजवर्धनला होकार कळवायचा होता. राजवर्धन माझा हॉस्टेलचा दोस्त, त्याची मोठी सल्लागार कंपनी आहे, त्यानं मला भागीदार म्हणून बोलावलं होतं. दीपाला, माझ्या बायकोला, तिथल्या एका शाळेत कायमची नोकरी मिळत होती. इथं ती किती तरी वर्षं कॉलेजात तासावर शिकवते आहे आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्यानं मुलाखत देते. टर्मिनल नाही, म्हणजे पुणं. टर्मिनल, म्हणजे मी जन्मभर इथं. इतकं सरळ होतं. आणि हा गाढव केतन मला फेटा घालून चौकात टांगून मोकळा झाला होता.

ऑफिसच्या जिन्याखाली गणपतराव उभेच होते. त्यांची गुळाची अडत. त्यांच्या दुकानाचा गोड, जडसा वास माझ्या फायलींना, पडद्यांना, घरी गेल्यावर माझ्या शर्टालाही येतो, दीपा शर्ट नाकाला लावून तोंड वाकडं करते. "सायेब, पेढं कुठं हाईत?" ते गरजले. मी म्हणालो, अजून काही ठरलेलं नाही. "ठरल्याबिगर फ्लेक्स लागतोय व्हय? कोल्लापुरात माणूस एकदा फ्लेक्सवर चढला की झालं!" मग जवळ येऊन, आवाज उतरवल्यासारखा करून, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "खरं सांगा, रात्री मटन मिळणार न्हवं तिथं? तांबडा-पांढरा?" मी म्हणालो, "गणपतराव, तिथं रात्री वरणभातसुद्धा मिळणार नाही." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना वाटलं मी चेष्टा करतो आहे. मी जिना चढलो. प्रत्येक पायरीला मानेत काही तरी ओढल्यासारखं होत होतं, आणि मी वर जाऊन आरशात बघितलं, खरंच ती डावीकडं सरकली आहे का.

चेष्टा नव्हती. आप्पांचा नेम आहे. तवनाप्पा मगदूम हे नाव आमच्या भागात कुणाला सांगितलं तर तो आधी त्या नेमाचीच गोष्ट सांगतो. मी कॉलेजात असताना गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, एका मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. शेवटच्या दिवशी लोक उठून एकेक नियम घेत होते, कुणी बटाटा सोडला, कुणी वहाणा सोडल्या, कुणी पान-तंबाखू. आमच्या घरात दिवस बुडल्यावर तसंही कुणी जेवत नाही, त्यामुळं आप्पांना सोडण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या जमिनीवर दिवस बुडल्यावर कुणाच्या बी पोटासाठी चूल पेटणार न्हाय." महाराज म्हणाले, झेपेल तेवढंच घ्या. आप्पा म्हणाले, "झेपतंय." त्या वर्षीपासून ऊस तोडायला येणारी माणसं आमच्या रानात खोपी घालत नाहीत. दिवसभर तोडणी आमच्यात, आणि संध्याकाळी खोपीकडं जायचं बांधापलीकडं जोतीरामच्या रानात, कारण त्यांच्या चुली अंधारातच पेटतात. त्यांना जागा दिली म्हणून आप्पा जोतीरामला दर वर्षी काकवीचा डबा पोचवतात. यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलेलं नाही. दिलेला शब्द म्हणजे त्यांना विहिरीसारखी गोष्ट. खणली की खणली, मग तिच्याभोवतीनं चालायचं.

आता हा माणूस ट्रक टर्मिनल काढणार! मागच्या महिन्यात मी त्यांना घेऊन हायवेच्या कडेला बसलो होतो, मुद्दाम, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून. सहापदरीकरणाची धूळ, खडी, पिवळे बाण, आणि पुढ्यातून पुण्याकडं आणि बेंगलोरकडं धडधडत जाणाऱ्या गाड्या, एक थांबत नव्हती. दिवसा ट्रक पळतो. थांबला तर चहापुरता. ऊन उतरलं तशी समोरच्या ढाब्यावर एकेक गाडी वळायला लागली, कर्नाटकची, तमिळनाडूची, राजस्थानची. मी म्हणालो, "आप्पा, बघा. हे आता जेवणार, आंघोळ करणार, झोपणार, पहाटे टायर ठोकून बघणार आणि जाणार. जिथं रात्री गरम जेवण मिळतं तिथंच ते थांबतात. जेवण नाही तर मुक्काम नाही, मुक्काम नाही तर तुमच्या खाटा, तुमचं गरम पाणी, तुमचा पंक्चरवाला, सगळं ओस." आप्पांनी टोपी काढून डोकं पुसलं, बराच वेळ त्या वळणाऱ्या गाड्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "ट्रकवाल्यांनी दिवसा जेवावं की. चांगली सवय लागंल." आणि ते विनोद करत नव्हते हो! त्यांच्या डोळ्यांपुढं खरोखर दिसत होतं, पाच-सहा राज्यांतले ड्रायव्हर उन्हं कलायच्या आत हातपाय धुऊन पंगतीला बसलेत आणि दिवस मावळताना चूळ भरतायत. त्या क्षणी मला हसू आलं, त्यांची माया आली, आणि त्याच वेळी पोटात आनंदाची एक बारीक उकळी फुटली, की सुटलो. हे होणं शक्य नाही. मला काही करावं लागणार नाही, आप्पाच ते होऊ देणार नाहीत.

तो आनंद मला तेव्हापासून छळतो आहे. अर्धा दिवस मी फायली उघडून बसलो आणि दुसरं काही झालं नाही. माझं 'नाही' खरं होतं, कुणीही पडताळून बघावं. पण खरं असूनही ते मला हवं होतं म्हणून खरं होतं की काय, अशी शंका यायची आणि मग मी सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडायचो. पुन्हा तेच यायचं. जागा नामी, पाणी मुबलक, फाट्याजवळ सर्व्हिस रोड थेट बांधाला लागतो. फळांच्या पेट्यांच्या गाड्या, इचलकरंजीच्या कापडाच्या गाड्या, शिरोलीचं लोखंड, सगळा माल त्याच रस्त्यानं. सगळं जुळत होतं आणि मधल्या चुलीपाशी येऊन कोसळत होतं. मी आप्पांच्या नेमावर माझं पुणं बांधलं होतं. मुलानं बापाच्या व्रताचा असा उपयोग करावा, याची लाज वाटत होती. पण लाज वाटूनही मी काही कमी करत नव्हतो. फोन वाजत होता, अभिनंदन, अभिनंदन, काय दादा, आता आम्हाला ओळखणार का. मी सगळ्यांना "थँक्यू" म्हणत होतो. दुसरं काय म्हणणार? प्रत्येक "थँक्यू"बरोबर त्या परक्या कोटाचं एकेक बटण मी माझ्या हातानं लावत होतो.

दुपार टळल्यावर दीपाला कॉलेजच्या दारातून घेतलं आणि आम्ही निघालो. ती इचलकरंजीची. तिच्या माहेरी घराखालीच माग चालायचे, त्यामुळं लहानपणापासून तिला मोठ्यानं आणि थोडक्यात बोलायची सवय. तावडे हॉटेलचा चौक ओलांडून आम्ही हायवेला लागलो. मग ती म्हणाली, "काय सांगणार आहेस?"

"हेच, की जमत नाही. रात्रीचं जेवण नसेल तर जमत नाही."

"आणि पुण्याचं?"

"ते मग सावकाश. आधी हे मिटू दे."

"सम्या, पुण्याचं आधी सांग." ती माझ्याकडं वळून बसली. "मला जायचंय, आम्हाला जायचंय, एवढं म्हण. रागावतील, रडतील, दोन महिने बोलणार नाहीत. पण तू त्यांचा नेम कशाला मधे आणतोस? त्यांच्या नेमामागं लपून किती दिवस काढणार?"

"लपतोय कुठं? खरं तेच सांगतोय की."

"खरं आहे म्हणूनच लपायला बरं आहे." तिनं पर्समधून केतननं काढलेला नकाशा बाहेर काढला, चौघडी घालून ठेवलेला. "हे बघितलंयस ना? 'दादा-वहिनी, दोन खोल्या.' वजनकाट्याच्या शेजारी. मी तिथं राहू? ट्रक काट्यावर चढला की माझ्या ताटातली आमटी हलणार." मला हसू आलं, पण ती हसली नाही. तिच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. "मला रात्री नऊ वाजता दिवा लावून, खिडकी उघडी टाकून जेवायचंय. मला पुढच्या जूनमध्ये मुलाखत द्यायची नाही. यात काय पाप आहे?" काही पाप नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही. शिरोलीच्या पुढं एका बाजूचा रस्ता खणलेला, आम्ही दोन कंटेनरांच्या मध्ये अडकून मुंगीच्या पावलानं सरकत होतो, पुढं लोखंडी दार, मागं लोखंडी नाक, काचा बंद, आणि दीपा माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, "बघतो." हा माझा आवडता शब्द. बँकेलाही मी हाच सांगतो, गिऱ्हाइकालाही, आईलाही. शाळेत असताना आप्पांनी विचारलं होतं, शेती करणार का शिकणार, तेव्हाही मी "बघतो" म्हणालो होतो आणि त्यांनी शिकायला पाठवलं होतं. तेव्हाही ठरवलं त्यांनीच.

घरी पोचलो तेव्हा पानं मांडली होती. आमच्याकडं पाहुणा आला तरी आधी पान, मग बोलणं. दिवस कुणासाठी थांबत नाही. आईनं गरम भाकरी वाढली, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. केतन फुशारकीनं विचारत होता, "दादा, फ्लेक्स बघितलास का? लय भारी झालाय, व्हय का न्हाय?" आणि मी मान हलवत होतो. आप्पा नेहमीसारखे मान खाली घालून, एकेक घास मोजून चावल्यासारखे जेवत होते. शेवटी ते पाणी प्याले, पेला पालथा घातला. पश्चिमेच्या खिडकीत ऊन भिंतीवरून सरकत सरकत दाराच्या चौकटीपर्यंत आलं होतं. आम्ही पुढच्या सोप्यात येऊन बसलो. दीपा आईच्या शेजारी बसली, माझ्या अगदी समोर.

"हं, बोल," आप्पा म्हणाले. "काय म्हंतोय तुजा रिपोर्ट?"

मी बोललो. छान बोललो, इतका छान मी बँकेपुढंही कधी बोललो नव्हतो. कुठलाही आडपडदा न ठेवता, त्यांना समजेल असं, गाड्या कधी येतात, का थांबतात, जेवणावर बाकी सगळं कसं उभं आहे, आणि म्हणून हे करू नये. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला 'नाही' म्हणत होतो आणि ते आप्पांना म्हणत होतो. छाती हलकी होत होती. केतनचा चेहरा पडला. "दादा, आरं पन..." तो म्हणाला, आणि आप्पांनी त्याला हातानं थांबवलं.

"चूल सोडून आनि काय अडचन?" त्यांनी मला विचारलं.

इथं थांबायला हवं होतं. दीपानं माझ्याकडं बघितलं. तोंडापर्यंत आलं होतं, आप्पा, अडचण माझी आहे, मला जायचंय. पण माझं 'नाही' किती निःस्वार्थी आहे, ते मला दाखवायचं होतं. म्हणून मी म्हणालो, "बाकी काही म्हणजे काही नाही, आप्पा. जागा सोन्यासारखी आहे. रस्ता, पाणी, सगळं. ती रात्रीची चूल पेटली असती तर मी डोळे झाकून हो म्हणालो असतो."

"मला वाटलंच हुतं," आप्पा म्हणाले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता, त्याच्या वरती रंग गोरा, खाली रापलेला. "त्या दिवशी हायवेला तू दावलंस, तवापास्नं डोस्क्यात हेच चाललंय. वडगावच्या वकिलास्नी भेटून आलो. ती जमीन तुला बक्षीसपत्रानं दितोय. उद्या तू आनि मी रजिस्ट्रारकडं जायाचं. केतनला इचारलंय."

"माझी ना न्हाय, दादा," केतन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मगाचची फुशारकी अजिबात नव्हती. "सगळी तुझ्या नावावर. तू चालीवनार, तर तुझीच पायजे."

मला काही कळेना. म्हणजे कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. "आप्पा, पण तुमचा नेम?"

"नेम माझ्या जमिनीचा हाय. ती माझी ऱ्हायलीच न्हाय, तर मोडतंय कुठं? तुझ्या जमिनीवर तू रातभर चूल पेटीव. तुला नेम न्हाय."

"महाराजांना विचारलंत?"

"त्येंला कशाला इचारू? शबुद मी दिलाय. त्यात काय हाय ते माझं मला ठावं हाय." मग ते म्हणाले, "पन मी तिकडं फिरकनार न्हाय. दिवसा बी न्हाय. आपून दिलेल्या शब्दाला वळसा घातला, तर यवढं तरी सोसाय पायजे."

आई म्हणाली, "मग पाटंचं कुठं जाशिला?" कारण माझ्या आठवणीत असा एक दिवस नाही, की आप्पा उजाडताना त्या रानात गेले नाहीत, ताप असला तरी, लग्नकार्य असलं तरी. ते तिथं फार काही करतात असंही नाही, पाण्याची बारी बघतात, बांधावर बसतात, येतात.

"गाव काय ल्हान हाय? जाईन बस्तीकडं," आप्पा म्हणाले. त्यांनी घसा खाकरला, जणू ताकातलं काही अडकलं होतं. "पोरगं गावात ऱ्हातंय, मला आनि काय पायजे? तू जाशील असं भ्या वाटतंय बघ मला, लय दिस. कुठं ते ठावं न्हाय. पन तुझं ध्यान हितं नसतंय."

मला रडू येत होतं आणि मला ओरडावंसंही वाटत होतं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला? मला तुमची जमीन नको, तुमचा त्याग नको, मला नुसतं एकदा रागवा आणि जाऊ द्या! पण डोक्यात, माझ्या नकळत, दुसरंच काही चालू झालं होतं. चूल पेटली होती. गाड्या वळत होत्या, खाटा भरत होत्या, गरम पाण्याचे नळ वाहत होते, आणि जिथं जिथं रिकामं होतं तिथं तिथं आकडे जाऊन आपापल्या जागी बसत होते. माझ्या आयुष्यात मी इतका चोख बसणारा हिशेब बघितला नव्हता. कुठंही, एका कोपऱ्यातसुद्धा, मला बाहेर पडायला फट दिसेना.

"आता सांग," आप्पा म्हणाले. "जमतंय का?"

दीपा माझ्याकडं बघत होती. डोळ्यांनी विनवत नव्हती, रागानंही नाही. परीक्षेला बसलेल्या पोराकडं बाईनं बघावं तशी, याला येतं का नाही एवढंच बघत होती. दारातलं ऊन संपलं. कुणीही उठून दिवा लावला नाही.

"जमतंय, आप्पा," मी म्हणालो.

केतननं उठून मला मिठी मारली. आप्पांनी टोपी डोक्यावर घातली, नीट, दोन्ही हातांनी, आणि उपरण्यानं डोळे पुसले. आई म्हणाली, बरं झालं, आता पोरं जवळ ऱ्हातील. त्या सगळ्या गडबडीतून दीपाचा आवाज आला, मोठा आणि थोडक्यात, मागांच्या आवाजावर चढवलेला असावा तसा. "राजवर्धनना फोन तुम्ही करताय, का मी करू?"

"राजवर्धन कोन?" आप्पांनी विचारलं.

"कुणी नाही, आप्पा," मी म्हणालो. "पुण्याचा एक दोस्त आहे. त्याला वाटत होतं, मी तिकडं येईन म्हणून."